नाव खरवडलेला डबा

पुणे,
रविवार, १९ नोव्हेंबर २०२३

प्रिय सत्या,

रविवार आहे, म्हणून लिहायला बसले. बोर्डिंगात सिस्टर फिलोमिना रविवारी जेवणानंतर सगळ्यांना घरी पत्र लिहायला बसवायच्या. तुझी-माझी ती सवय काही सुटली नाही. शिवाय आता माझे कान असे झालेत की फोनवर तू ओरडतेस आणि मी नुसतं 'हो हो' करते. त्यापेक्षा हे बरं.

बातमी तू पाहिली असशीलच. दिवाळीआधीच्या गर्दीत इथल्या बसस्थानकावर एका बाकाखाली स्टीलचा डबा सापडला आणि त्यात बॉम्ब होता. तो उडाला नाही. पण माझी पंकजा तिच्या मुलीला घेऊन नाशिकच्या गाडीची वाट बघत त्याच बाकावर बसली होती. नात पाय हलवत होती आणि तिच्या सँडलची टाच डब्याला लागत होती. पंकजा तिला म्हणाली, कुणाचा तरी जेवणाचा डबा आहे, लाथ मारू नये. मग त्यांची गाडी आली आणि त्या गेल्या. डब्यात काय होतं ते त्यांना नाशिकला पोचल्यावर टीव्हीवर कळलं.

सत्या, मला ती टाच डोळ्यांपुढून हलत नाही. जिन्यात कुणाची पिशवी दिसली तरी मी वर न जाता वॉचमनला बोलावते. हे म्हणतात, तू वेडी होशील. होईन कदाचित.

काहीतरी केल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. त्यांनी ते चौकटीत, माझ्या फोटोसह छापलं. कात्रण सोबत पाठवते आहे. मी एवढंच म्हटलंय की ज्या सामानासोबत माणूस नाही ते सामान एसटीने नेऊच नये. ना पार्सल, ना पिशवी, ना डबा. सोसायटीच्या सभेत सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं. कुणा मोठ्या माणसाने ते पुढे पाठवलं आणि आता मंत्रालयापर्यंत गेलं आहे, असं पंकजाचे सासरे सांगत होते. या वयात आपल्या लिहिण्याचा काही उपयोग झाला, याचं मला खरंच बरं वाटलं.

तुमच्या पालमला काय म्हणतात लोक? की तिकडे अजून सगळं शांत आहे? शांत असेल तर मला हेवा वाटेल.

तुझी,
राजेश्री


पालम,
रविवार, ३ डिसेंबर २०२३

प्रिय राजू,

तुझं पत्र वाचून मी आधी देवापुढे दिवा लावला. लेक-नात सुखरूप आहेत, बाकी सगळं नंतर. तू कशातून गेली असशील ते मी समजू शकते.

पण कात्रण मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू इथे असतीस तर तुझ्याशी भांडले असते, म्हणून आता पत्रातच भांडते. राग मानू नकोस.

परवा आमच्या बसस्थानकावर कागद चिकटवला: प्रवाशाशिवाय कोणतेही पार्सल, पिशवी अथवा डबा स्वीकारला जाणार नाही. जवळजवळ तुझीच वाक्यं. आता इथला डबा म्हणजे काय ते ऐक. आमची पालमची कितीतरी मुलं परभणीला खोल्या करून शिकतात. सकाळच्या पहिल्या परभणी गाडीपाशी आया येतात आणि आपापला डबा कंडक्टरच्या हातात देतात. झाकणावर ऑइलपेंटने नाव असतं. परभणीला मुलं गाडीपाशी उभी असतात. आपापला डबा घेतात, कालचा रिकामा परत देतात. यात कुणी कुणाला पावती मागितलेली मी ऐकली नाही.

मीही एक डबा पाठवते, निकितासाठी. लिंबाजी आणि बायनाबाई आमची जमीन करतात, त्यांची ही मुलगी. दिवाळी झाली की नवराबायको ऊसतोडीला जातात, ते पार उन्हाळ्यात येतात. निकिता पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे उठून पळते, मग अभ्यासिकेत बसते. जाताना बायनाबाईने माझे हात धरून सांगितलं होतं, "बाई, पोरगी पळती, तिला उपाशी ठिवू नका." तेवढं एक काम मी अंगावर घेतलं आहे.

या गाडीची कंडक्टर दैवशाला. मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गात होती. तिसऱ्या बाकावरून सारखी खिडकीबाहेर बघायची आणि मी खडू मारायचे. आता ती अशी काही तिकिटं फाडते की भल्याभल्यांची बोलायची टाप नाही. कागद चिकटवला त्या दिवशी आम्ही सगळ्या डबे घेऊन तशाच उभ्या होतो. ती खाली उतरली, कागद वाचला आणि म्हणाली, "मग दुपारी लेकरायनी पेपर खावा का काय?" आणि एकेक डबा हातातून घेऊन सीटखाली सरकवू लागली. फक्त एक गोष्ट बजावली: उद्यापासून झाकणावर नाव नको. तपासणीस आला तर नाव वाचून घरापर्यंत येतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी पालमच्या बाया दारात बसून नावं खरवडत होत्या. कुणी विळीने, कुणी फरशीच्या तुकड्याने. मला ते बघवेना. सिस्टर फिलोमिना आठवतात तुला? शनिवारी व्हरांड्यात बसून आपल्या घरून आलेला प्रत्येक डबा उघडायच्या, लाडू चमच्याने फोडून बघायच्या आणि मग झाकण लावून आपल्या हातात द्यायच्या. आपल्याला केवढा राग यायचा. पण त्यांनी डबे कधी बंद केले नाहीत.

आणि शांत म्हणशील तर मुळीच नाही. किराणावाले वैजीनाथ गिऱ्हाइकाला साखर देण्याआधी देशाच्या सुरक्षेवर बोलतात. गावातले सगळे ग्रुप एकमेकांना तेच व्हिडिओ पाठवतायत. बांगड्यांची पेटी घेऊन पिंगळीच्या बाजाराला जाणारे एक म्हातारे चाचा आहेत. हल्ली गाडीत त्यांच्या शेजारी कुणी बसत नाही. ते पेटीचं झाकण उघडून मांडीवर धरतात, म्हणजे सगळ्यांना बांगड्या दिसाव्यात. इतकी वर्षं त्यांच्याकडून बांगड्या भरणाऱ्या बायासुद्धा उभ्याने प्रवास करतात.

तुझं पत्र चांगलं आहे, मराठीही छान आहे. पण ते जिथे पोचायचं तिथे न पोचता आमच्या डब्यांपाशी येऊन थांबलं.

तुझी,
सत्या


पुणे,
रविवार, १० डिसेंबर २०२३

प्रिय सत्या,

राग मानू नकोस लिहिलंस, पण मानला. तू त्या बाकावर बसलेली नाहीस. तुझी नात त्या डब्याला पाय लावून बसलेली नाही.

आणि खरं सांगू? तुझ्या पत्रातली सगळ्यात भीती वाटण्यासारखी गोष्ट तुला दिसलेलीच नाही. नाव होतं तेव्हा तो डबा कुणाचा तरी होता. आता तुमच्या गाडीत सीटखाली बिननावाचे डबे आहेत. उद्या कुणी वाईट हेतूने त्यात आणखी एक सरकवला तर तुझ्या दैवशालेला कसा ओळखू येणार? ती मुलगी धीट असेल. पण धीट माणसांमुळेही लोक मरतात.

सिस्टर उघडून बघायच्या, हे मला मान्य आहे. मग उघडून बघा. आगारात जाऊन तसं मागा. पण लपवू नका. निदान नावं तरी परत लिहा.

आपण कधी अशा भांडलो नव्हतो. एकदा भांडलो होतो, तुझ्या घरच्या डब्यातलं लोणचं मी न विचारता खाल्लं म्हणून. आणि त्याची शिक्षाही मला लगेच मिळाली होती. आठवतं?

राजेश्री


पालम,
रविवार, २४ डिसेंबर २०२३

प्रिय राजू,

मागच्या रविवारी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं मन नव्हतं.

आगारात गेले होते. डबे उघडून तपासा आणि न्या, असा अर्ज घेऊन. तिथले साहेब म्हणाले, तपासायचा आदेश नाही, बंदीचा आहे. मी म्हटलं, तपासणं बंदीपेक्षा सोपं आहे. ते म्हणाले, मॅडम, वरून तसं आलं तर तसं करू. अर्ज ठेवून घेतला आणि त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला.

त्यानंतरच्या मंगळवारी ते घडलं. तोवर बहुतेक आयांनी भीतीने डबे बंद केले होते. त्या दिवशी गाडीत तीनच होते. दोन दैवशालेने आपल्या पिशवीत ठेवले. तिसरा मावला नाही, म्हणून फडक्यात बांधलेला तो मागच्या सीटखाली सरकवला. पिंगळीच्या अलीकडे गाडी खड्ड्यातून उसळली आणि डबा घरंगळत मधल्या वाटेत आला. कुणीतरी विचारलं, कुणाचा आहे? कुणी बोलेना. फडकं सुटलं होतं, झाकणावर नुसते खरवडल्याचे ओरखडे. एक माणूस ओरडला आणि मग सगळी गाडीच ओरडू लागली. दैवशाला म्हणत राहिली, "आवो जेवणाचा हाय त्यो, जेवणाचा हाय." पण ऐकणार कोण? लोकांनी चालत्या गाडीच्या दारातून उड्या मारल्या. आमच्या गल्लीतल्या तानुबाई खाली पडल्या, त्यांचा हात मोडला.

पोलीस आले. नांदेडहून पथक यायला दुपार झाली. तोवर रस्ता दोन्हीकडून बंद. डब्याला लांबून दोरी बांधून तो तुरीच्या शेतात ओढत नेला आणि उडवला. संध्याकाळी चॅनेलवर बातमी: परभणी जिल्ह्यात एसटीत संशयास्पद डबा, आत टोकदार वस्तू आढळली. त्या टोकदार वस्तूवरून दोन माणसं अर्धा तास एकमेकांवर ओरडत होती. कसली टोकदार वस्तू! पळसाच्या पानात लोणच्याची फोड गुंडाळून बाभळीच्या काट्याने टाचलेली. त्या काट्याची ही बातमी.

दैवशालेला निलंबित केलं. आदेश असताना अज्ञात वस्तू वाहून नेली, असा ठपका आहे. डबा कुणाचा ते कळलं तर अज्ञात काही राहत नाही, मग तो साधा डबा आणि साधी चूक. पण तिला विचारलं तर ती म्हणते, लक्षात नाही, सकाळची घाई असते. आणि डबा देणारी बाई पुढे येत नाही. चौकशी पुढच्या महिन्यात आहे. तोवर मालक सापडला नाही तर नोकरी जाईल, असं सगळे म्हणतात. तिच्या नवऱ्याला काम नाही, दोन मुलं शाळेत आहेत.

महिला मंडळाच्या बैठकीत मी यावर बोलले. म्हटलं, आपल्यातलीच कुणीतरी आहे, तिने पुढे यावं, दुसरीच्या पोटावर पाय देऊन गप्प बसू नये. सगळ्या खाली बघत होत्या.

निकिताचा डबा मी त्या दिवशी पाठवला नव्हता. ती इकडे येणार होती, म्हणून. तेवढं बरं झालं.

तुझी,
सत्या


पुणे,
रविवार, ३१ डिसेंबर २०२३

प्रिय सत्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मला स्वतःचीच चीड आली. लगेच वर्तमानपत्राला दुसरं पत्र लिहिलं: बंदी नको, तपासणी हवी, माझं चुकलं. ते छापलं नाही. मी पंकजाला फोन करायला लावला. तिथला माणूस म्हणाला, आजींना सांगा, तो विषय आता थंड झालाय, पुन्हा काही घडलं तर बघू. पुन्हा काही घडलं तर! भीती छापायला चौकट होती. तपासणीला कोपराही नाही.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र एका ओळीशी थांबले.

टोकदार वस्तू एवढंच सगळ्या चॅनेलवर होतं. मी संध्याकाळभर बघत होते, तुझा जिल्हा म्हणून. काटा कुणी म्हटलं नाही, पळसाचं पान कुणी म्हटलं नाही. डबा तर शेतात उडवला. मग तुला कसं कळलं?

मागच्या वेळी मी तुला लोणच्याची आठवण करून दिली होती. बोर्डिंगात तुझ्या आईचा डबा यायचा, त्यात लोणच्याची फोड पळसाच्या पानात असायची आणि पान काट्याने टाचलेलं असायचं. मी ते घाईने उघडलं आणि काटा बोटात गेला. सिस्टरांनी सुईने काढला, वर मला ओरडल्या. पुढे तुझ्या घरी राहायला आले तेव्हा तूही तसंच टाचायचीस. एवढ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाला मी तसं करताना पाहिलं नाही. इथे तर लोक लोणच्याला छोटी डबी देतात.

सत्या, तो डबा तुझा आहे.

मी तुला काही म्हणत नाही. मला तो अधिकार नाही, हे सगळं सुरू झालं ते माझ्या चौकटीमुळे. पण तू माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस.

तुझी,
राजू


पालम,
रविवार, ७ जानेवारी २०२४

राजू,

हो. माझा आहे.

आता ऐक, आणि ऐकून मग काय म्हणायचं ते म्हण. निकिता भरतीत निवडली गेली तर तिची चारित्र्य पडताळणी होईल. बॉम्बच्या प्रकरणात जो डबा पकडला तो कुणासाठी चालला होता, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू? ऊस तोडणाऱ्या आईबापांची पोरगी, पहाटे धुक्यात पळणारी. तिच्या फायलीत एक शब्द वाईट गेला तर संपलं. बायनाबाईला मी काय तोंड दाखवू?

हे कारण खरं आहे. पण तू मला ओळखतेस, म्हणून पुढचंही सांगते. आमचे हे पहिल्याच दिवशी म्हणाले, आपलं नाव चॅनेलवर येईल, आपण यात पडायचं नाही. आणि मला त्यांच्या म्हणण्याचा आधार वाटला. मग मंडळात बोलून बसले. त्या बायांना मी दुसरीच्या पोटावर पाय देऊ नका म्हणून सांगितलं, आता त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?

माझ्याच डब्यावरचं नाव आधी खरवडलं होतं मी. तुला लिहिताना बाकीच्या बायांचं लिहिलं. विळीने जात नव्हतं, म्हणून चाकू घेतला. इतकी वर्षं वर्गात 'पेपरवर नाव लिहा, नाव लिहा' म्हणून ओरडले आणि आता ही मी.

एकदा आगारात गेले. बाकावर बसले. साहेब जेवायला गेले होते. ते येईपर्यंत थांबायला काय हरकत होती? पण मी उठले आणि परत आले.

परवा बाजारात दैवशाला समोर आली. हल्ली दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जाते, बोटं बोंडांनी चिरलेली. मी दुसरीकडे वळणार तेवढ्यात तिने विचारलं, "निकिता जेवती ना बाई येळेवर?" मी म्हटलं, हो, खाणावळ लावली आहे. "बरं केलं," म्हणाली आणि गेली. बाकी काही नाही.

तिला माहीत आहे, राजू. तिनेच तर माझ्या हातातून घेतला होता.

मला आता उपदेश लिहू नकोस.

सत्या


पुणे,
रविवार, १४ जानेवारी २०२४

सत्या,

उपदेश नाही. तिळगूळ पाठवणार होते, पण पार्सल घेत नाहीत.

गेलीस का, तेवढंच कळव.

राजू


पालम,
रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

प्रिय राजू,

गेले. चौकशीच्याच दिवशी गेले, त्याआधी जमलं नाही. म्हणजे धीर झाला नाही.

ह्यांना सांगितलं. एवढंच म्हणाले, छत्री घे, ऊन आहे. मग माझ्यासोबत गाडीपर्यंत आले. तेवढंही मला पुष्कळ वाटलं.

आगारात टेबलामागे चौकशीचे अधिकारी, बाजूला एक लिहिणारा आणि समोर खुर्चीत दैवशाला, युनिफॉर्म न घालता. मी दारातूनच सांगितलं की डबा माझा आहे. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि फार सौजन्याने म्हणाले, "मॅडम, तुमची विद्यार्थिनी आहे, तुम्हाला वाईट वाटतं हे आम्ही समजू शकतो. पण असं दयेपोटी खोटं सांगून चालत नाही." ऐकलंस? इतके दिवस खरं सांगायला घाबरत होते आणि सांगितलं तर ते खोटं ठरलं. वय झालेली, इंग्रजी शाळेत शिकलेली बाई सीटखाली डबा लपवून पाठवेल, हे त्यांना पटेना.

मग मी पिशवीतून पळसाचं पान काढलं. हे होईल असं मला वाटलंच होतं, म्हणून वाटेतल्या झाडाचं तोडून नेलं होतं. काटाही होता. टेबलावर पान दुमडलं, एक कड आत घेतली, काटा खालून घालून वर काढला आणि पुन्हा आत खोवला. त्यांच्या फायलीत पोलिसांनी दिलेला फोटो होता, फाटक्या पानाचा आणि काट्याचा. त्यांनी फोटो पाहिला, माझी पुडी पाहिली. त्यांच्या मागे उभा असलेला शिपाई म्हणाला, "मव्ही आजी अशीच टाचायची, साहेब." अधिकाऱ्यांनी त्याला गप्प केलं, पण चष्मा परत घातला.

पुढचं सगळं थोडक्यात झालं. सामानाचं तिकीट न काढता डबा पाठवला म्हणून मला दंड. गुन्हा नाही, पोलीस नाही. डबा कुणासाठी होता असं विचारलं, मी म्हटलं, मुलीसाठी. त्यांनी 'मुलगी' लिहिलं आणि पुढे गेले. निकिताचं नावसुद्धा कुणी विचारलं नाही. राजू, ज्या भीतीपोटी मी गप्प बसले ती भीती कागदावर कुठेच नव्हती. माझ्या मनातच तेवढी होती.

बाहेर आल्यावर मी दैवशालेपाशी गेले. काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते. तिने बोलू दिलं नाही. "लय दिवस लावले बाई," म्हणाली. आवाज चढवला नाही. मी म्हटलं, तू सांगायचंस ना त्यांना. ती म्हणाली, "पोरगी पळायलीय. तिच्या पायात काटा कशाला घालावा म्हनलं. पर मला वाटायचं, तुमी येताल. रोज वाटायचं." मग रुमालाने तोंड पुसलं आणि कापसाला उशीर होतोय म्हणून निघून गेली.

तिला कामावर घेतलं, पण परभणीची सकाळची गाडी दिली नाही. आता ती गंगाखेडच्या बाजूला दुपारच्या फेऱ्या करते. निकिताला मी सगळं सांगितलं. ती माझ्यावर चिडली. म्हणाली, "मला इचारायचं तरी होतं. मी सोता आले असते." खरंच, तिला विचारावं असं माझ्या मनातच आलं नाही. लहान समजून तिच्या नावावर मी माझी भीती झाकली.

बंदी अजून आहे. आगारातला माझा अर्ज अजून त्या ग्लासाखालीच असेल. चौकशीनंतर दुसरा अर्ज दिला, त्याची पोचही नाही. मग मी तो चिकटवलेला कागद पुन्हा नीट वाचला, वर्गात धडा वाचायचे तसा. 'प्रवाशाशिवाय'. म्हणजे प्रवासी असला तर डबा चालतो. महिला मंडळात गेले. आधी माझं सगळं सांगितलं, उभी राहून. तानुबाई गळ्यात अडकवलेला हात दाखवून म्हणाल्या, "ह्याचं काय आता?" तरीही आम्ही पाळ्या लावल्या. रोज एक बाई सगळे डबे घेऊन परभणीला जाते आणि परत येते. बायांना अर्धं तिकीट आहे, तेवढं तरी सरकारने सोपं केलं आहे. गुरुवार माझा.

डबा नवा आणला. रंगाच्या दुकानातून छोटी डबी घेऊन झाकणावर नाव लिहिलं. निकिताचं नाही, माझं, गावासकट. काना जरा वाकडा आला आहे.

या गुरुवारी पहिल्यांदा गेले. नवा कंडक्टर नागेश, तरुण आणि घाबरट. "कुणाचे हे एवढे?" म्हणाला. मी म्हटलं, माझे. आणि सिस्टर करायच्या तसं एकेक झाकण उघडून त्याला दाखवलं: वांगी, पिठलं, धपाटी, शेंगदाण्याची चटणी. त्याने तिकीट दिलं. पण माझ्या शेजारी एक शर्ट-पँटवाला माणूस बसला होता. त्याने डब्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग उठून मागे जाऊन उभा राहिला. माझ्याजवळून, राजू. गाडी भरलेली होती, तरी ती जागा कुणी घेतली नाही.

पलीकडे ते बांगड्यांचे चाचा बसले होते, पेटी उघडी, मांडीवर. ते हळूच म्हणाले, "ढक्कन खुल्ला रखो बाई. मै तो वैसाच करता."

मी झाकणं लावली. सांडलं असतं म्हणून, आणि मनातही आलं की का उघडी ठेवू. मग त्या माणसाने सोडलेल्या रिकाम्या जागेवर निकिताचा डबा ठेवला, नावाची बाजू वर करून, आणि पिंगळी येईपर्यंत त्याच्यावर हात ठेवून बसले.

तुझी,
सत्या